अल्जिनेटपासून रेशमापर्यंत: नैसर्गिक फिल्म बनवायला शिकताना, कोल्हापूरच्या हवेत

जखमेवर लावायची पारदर्शक पट्टी, डोळ्यांखाली चिकटवायचा ओलसर तुकडा, जिभेवर ठेवताच विरघळणारी औषधाची पातळ चकती. या सगळ्यांच्या मुळाशी काम एकच आहे. प्रथिन किंवा पॉलिसॅकराइड (साखरेच्या रेणूंची लांब साखळी) पाण्यात विरघळवायचं, सपाट साच्यात ओतायचं, पाणी उडून गेलं की उरलेला पापुद्रा सोलून काढायचा. कोल्हापुरात फार्मसीची आणि बायोटेकची पोरं दरवर्षी प्रोजेक्टला हा विषय घेतात. हल्ली घरगुती साबण-क्रीमचा व्यवसाय करणाऱ्या ताईही फेसमास्कच्या निमित्तानं याच वाटेला येतात. दोघांच्याही वहीत घटकांची यादी पानभर असते आणि वाळवण्याबद्दल एकच ओळ: 'ओव्हनमध्ये वाळवले'. फिल्म चांगली होते की बिघडते, ते मात्र त्या एका ओळीत ठरतं. म्हणून या लेखात वाळवण्याबद्दल जरा जास्तच बोलणार आहे.

आधी ठरवा, लावायची कुठं

पदार्थ निवडण्याआधी जागा निवडा. ओली जखम, कोरडी धड त्वचा आणि तोंडाच्या आतलं अस्तर या तीन ठिकाणी पाण्याचं गणित पूर्ण वेगळं असतं.

१९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या वरवरच्या जखमांवर एक प्रयोग केला. खपली धरू दिलेल्या उघड्या जखमेपेक्षा पॉलिथिनच्या फिल्मखाली ओलसर राहिलेल्या जखमेवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगानं पसरते, असं त्यांना दिसलं. आजच्या सगळ्या फिल्म-ड्रेसिंगचा पाया हाच. आपल्याकडं घराघरांत 'जखम वाळू दे, हवा लागू दे' हा सल्ला अजून चालू आहे, तो भाग वेगळा.

पण ओलसर म्हणजे डबकं नव्हे. निरोगी त्वचेतून दर चौरस मीटरला दिवसाकाठी साधारण २०० ग्रॅम पाणी उडतं. लाल, दाणेदार उघड्या जखमेतून ५,००० ग्रॅमच्या आसपास. ड्रेसिंगमधून २,००० ते २,५०० ग्रॅम बाफ बाहेर जावी, असा साधारण दंडक आहे. याहून फार कमी गेली तर खाली पाणी साचून जखमेच्या कडा पांढऱ्या, भिजल्यासारख्या होतात. फार जास्त गेली तर जखम कोरडी पडून फिल्म तिला चिकटून बसते.

सौंदर्यप्रसाधनात त्वचा धड असते, त्यामुळं अर्धी चिंता मिटते. तिथं फिल्मनं वीसेक मिनिटं ओलावा धरून ठेवायचा आणि मग विरघळायचं किंवा न खेचता निघायचं, एवढंच अपेक्षित असतं. फिल्म लावल्यावर 'चेहरा ताणल्यासारखा वाटतो' म्हणून लोक खूश होतात. तो ताण म्हणजे वाळताना आकसणारा पापुद्रा. धुतलं की गेला. त्याच्या जिवावर पाकिटावर 'सुरकुत्या घालवते' लिहू नका.

कच्चा माल

नवशिक्याला इंटरनेट लगेच कायटोसानकडं, म्हणजे कोळंबी-खेकड्याच्या कवचातून काढलेल्या पदार्थाकडं, ढकलतं. माझं मत वेगळं आहे: पहिली फिल्म सोडियम अल्जिनेटची करा. तपकिरी समुद्री शेवाळातून मिळणारी ही भुकटी साध्या पाण्यात विरघळते, वास नाही, आम्ल लागत नाही आणि चूक झाली तर दोन दिवसांत दुसरी फिल्म हातात असते. त्यानंतर जिलेटिन, मग कायटोसान, आणि रेशीम अगदी शेवटी.

विकत घेताना दर्जा बघा. मिठाई-आइस्क्रीमसाठी मिळणारं जिलेटिन किंवा अल्जिनेट हात बसवायला चालतं. जखमेच्या कामाची चाचणी करायची असेल तर फार्मा दर्जाचाच माल घ्या आणि सोबत बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र मागा. कायटोसानच्या प्रमाणपत्रावर डीअसेटिलेशनची टक्केवारी (कवचातल्या कायटिनचं किती प्रमाणात कायटोसान झालं) आणि रेणूभार (साखळ्या किती लांब) या दोन गोष्टी नसतील तर तो डबा घेऊच नका. त्या दोन आकड्यांशिवाय पुढच्या वेळी तोच माल मिळाला की नाही, हे कळायला मार्ग नाही. कोळंबीची टरफलं आणून घरीच कायटोसान काढू, असं दरवर्षी कुणी ना कुणी म्हणतं. त्याला हायड्रोक्लोरिक आम्ल आणि नंतर ४०–५० टक्क्यांचा गरम कॉस्टिक सोडा लागतो. त्या भानगडीत पडू नका.

आता एक गोष्ट, जी परदेशी लेखांत सापडत नाही आणि इथं पहिल्याच भेटीत विचारली जाते: हे शाकाहारी आहे का? कोल्हापूर-सांगली पट्ट्यात जैन समाज मोठा आहे, आणि चेहऱ्याला लावायच्या वस्तूबद्दलही हा प्रश्न येतोच. जिलेटिन आणि कोलॅजन जनावरांच्या कातडी-हाडांतून येतं. कायटोसान बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्याच्या कवचातून, पण बुरशीपासून बनवलेलंही बाजारात आहे. हायलुरोनिक आम्ल कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली गाईच्या डोळ्यातून वेगळं केलं होतं. आज प्रसाधनात वापरतात ते बहुतांशी जिवाणूंच्या किण्वनातून येतं. अल्जिनेट, पेक्टिन, स्टार्च, पुलुलान यांचा प्रश्नच नाही. ग्राहकाला खरं सांगा, आणि लपवावं लागेल असा पदार्थ मुळातच निवडू नका. ॲलर्जीचंही तसंच: दूध, सोया, सेरिसिन (रेशमाच्या कोषातला डिंक), कोळंबी यांची नावं लेबलवर ठळक असली पाहिजेत.

पाणी डिस्टिल्डच हवं. बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियम अल्जिनेटला तिथल्या तिथं धरतो आणि द्रावणात जेलीच्या चिंध्या दिसायला लागतात. सरावापुरतं बॅटरीचं पाणी चालेल, चाचणीच्या फिल्मला नाही.

सामान

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, मॅग्नेटिक स्टरर, ९ सेंटीमीटरच्या पेट्री डिश, थर्मामीटर, पीएच पट्ट्या, आर्द्रता दाखवणारं छोटं हायग्रोमीटर, डिजिटल स्क्रू गेज आणि गवंडी वापरतात ती पाणसळ. शेवटच्या दोन वस्तू लोक वगळतात. पाणसळ वगळली तर फिल्म एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला कागदासारखी होते, मग सगळी मोजमापं फुकट.

मोठ्या फिल्मसाठी साचा लागतो, आणि त्याबाबतीत आपण नशीबवान आहोत. शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्याला चित्र काढून दिलं की टेफ्लॉनचा उथळ ट्रे किंवा खाली एक मिलिमीटरची फट असलेली पसरवणी पट्टी करून मिळते. अॅल्युमिनियमचा साचा मात्र नको. कायटोसानच्या द्रावणात आम्ल असतं, ते धातू खातं आणि तोच धातू फिल्ममध्ये उतरतो.

पहिली फिल्म: अल्जिनेट

१०० मिली डिस्टिल्ड पाणी बीकरमध्ये घ्या. त्यात ०.६ ग्रॅम ग्लिसरीन वजन करून घाला. पिपेटनं मोजू नका, ते घट्ट असल्यानं निम्मं पिपेटलाच चिकटतं. ग्लिसरीनचं काम फिल्म लवचीक ठेवणं. पॉलिमरच्या, म्हणजे लांब साखळ्यांच्या मूळ पदार्थाच्या (इथं अल्जिनेटच्या), वजनाच्या ३० टक्के हे सुरुवातीचं प्रमाण. त्याशिवायची अल्जिनेट फिल्म दुमडली की तडकते, आणि ५० टक्क्यांच्या पुढं गेलात तर हाताला चिकटते.

स्टरर इतका वेगात ठेवा की मध्ये भोवरा दिसेल. आता २ ग्रॅम सोडियम अल्जिनेट चिमटी-चिमटीनं भोवऱ्याच्या कडेला भुरभुरा. इथं घाई करणाऱ्याची खोड मोडते. सगळी भुकटी एकदम टाकली की पिठल्यात होतात तशा गाठी होतात: बाहेरून चिकट, आतून कोरड्या. त्या तासन्‌तास फुटत नाहीत. भुकटी संपायला दहा मिनिटं लागली तरी लागू द्या. द्रावण घट्ट होत जाईल तसा भोवरा आपोआप मिटतो, मग वेग कमी करा, नाहीतर हवा आत कोंबली जाते. तीन-चार तास ढवळा. गरम करून वेळ वाचवायचा मोह टाळा. जास्त उष्णतेनं अल्जिनेटच्या साखळ्या तुटतात आणि फिल्म कमकुवत होते.

झाकण लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी बुडबुडे वर येऊन गेलेले असतात. राहिलेच तर व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये (हवा काढून घेतलेल्या बंद भांड्यात) काही मिनिटं.

पाणसळ लावून तपासलेल्या जागी डिश ठेवा आणि बरोबर २५ ग्रॅम द्रावण वजन करून ओता. हा आकडा कुठून आला? ९ सेंटीमीटर डिशचं क्षेत्रफळ ६३.६ चौरस सेंटीमीटर. २५ ग्रॅम द्रावणात अंदाजे ०.५ ग्रॅम अल्जिनेट आणि ०.१५ ग्रॅम ग्लिसरीन, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १० मिलिग्रॅम घन पदार्थ. घनता १.३ धरली तर जाडी ८० मायक्रॉनच्या जवळ येते, आणि हाताळायला सुरुवातीला तेवढी बरी. जास्त जाड हवी असेल तर हेच गणित उलटं करा, डोळ्यांच्या अंदाजानं ओतू नका.

४० अंश सेल्सिअसला वाळवा. साधारण १८ ते २४ तास लागतात. वाळली की नाही हे बोटानं दाबून बघू नका, कडेकडं बघा. कड आधी वाळते, डिशच्या भिंतीपासून सुटते आणि किंचित वर उचलते. मध्यभागी ढगाळ डाग असेल तर तिथं अजून पाणी आहे. पूर्ण झाल्यावर सपाट पात्यानं कडेनं एक फेरा मारा आणि एका बाजूनं सावकाश सोला. कटकट आवाज करत सुटली तर फार वाळली. अशा वेळी डिश तासभर उघड्यावर ठेवा, हवेतला ओलावा घेऊन ती मऊ पडते आणि मग सहज निघते.

ही फिल्म पाण्यात विरघळते. डोळ्यांखालच्या पट्टीसाठी तेच हवं असतं, तिथं इथंच थांबा. जखमेच्या ड्रेसिंगसाठी तिला कॅल्शियमनं बांधावं लागतं. २ टक्के कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात पाच ते दहा मिनिटं बुडवा, डिस्टिल्ड पाण्यानं खळबळा, आणि चारही बाजूंनी चिमटे लावून किंवा चौकटीत ताणून वाळवा. सैल सोडली तर चुरगळून जाते. एक खाच लक्षात ठेवा: या आंघोळीत फिल्ममधलं ग्लिसरीन पाण्यात निघून जातं आणि आधी मऊ असलेली फिल्म नंतर कडक होते. उपाय सोपा, आंघोळीच्या पाण्यातच ३–५ टक्के ग्लिसरीन घाला.

जखमेवर हीच कॅल्शियमची गाठ पुन्हा सुटायला लागते. स्रावातला सोडियम आत जातो, कॅल्शियम बाहेर येतो, आणि फिल्म हळूहळू मऊ जेल होते. ड्रेसिंग काढताना जखम ओरबाडली जात नाही, ती यामुळं.

हवा

आता मुख्य मुद्दा. शोधनिबंधात लिहिलेलं असतं '४० अंशाला २४ तास'. तो निबंध लिहिणाऱ्याच्या प्रयोगशाळेत वातानुकूलन असतं. आपल्याकडं जुलैत पन्हाळ्यावर धुकं उतरलेलं असतं आणि शहरात दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत.

ओव्हन तापमान धरतो, आर्द्रता धरत नाही. समजा पावसाळ्यात बाहेरची हवा २५ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेची आहे. ती ओव्हनमध्ये ४० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ३९ टक्क्यांच्या आसपास येते. एप्रिलच्या दुपारी ३५ अंश आणि २५ टक्क्यांची हवा त्याच ओव्हनमध्ये गेली तर आत १९ टक्केच राहते. ओव्हन तोच, काट्यावरचं तापमान तेच, घटक तेच. तरी एक फिल्म मऊ आणि दुसरी कडेनं वळलेली, भेगाळलेली. मग पोरं म्हणतात, 'मटेरियलच खराब आहे.' मटेरियल बिचारं काही करत नाही.

उन्हाळ्यात वाळण्याचा वेग कमी करा. डिशवर फिल्टर पेपर झाका, किंवा फॉइलला टाचणीनं भोकं पाडून ती लावा. वरचा थर आधी वाळून खालचं पाणी अडकणं हे भेगांचं मुख्य कारण, आणि झाकणानं ते बरंचसं थांबतं. पावसाळ्यात ओव्हन गच्च भरू नका. सहा डिशमधून उडणारं पाणी आतल्या हवेतच साचतं. हवेची झडप उघडी ठेवा.

खरा घोटाळा मात्र वाळल्यानंतर होतो. ग्लिसरीन आणि पॉलिमर दोघंही हवेतलं पाणी ओढतात. जुलैत ओव्हनमधून काढलेली छान फिल्म टेबलावर ठेवून चहाला गेलात की परत येईपर्यंत ती चिकट झालेली असते. तशा फिल्मची ताकद मोजायची आणि मार्चमधल्या फिल्मशी तुलना करायची, याला काही अर्थ नाही. प्रत्येक फिल्म मोजण्याआधी ४८ तास ठरावीक आर्द्रतेत ठेवा. त्यासाठी महागडं चेंबर लागत नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाशी वाटीत मॅग्नेशियम नायट्रेटचं संपृक्त द्रावण ठेवा, म्हणजे न विरघळलेले खडे तळाशी दिसले पाहिजेत, आणि वर जाळीवर फिल्म. २५ अंशाला डब्यातली हवा ५३ टक्क्यांवर स्थिर होते. मॅग्नेशियम क्लोराइड वापरलं तर ३३ टक्के, साधं मीठ वापरलं तर ७५. या शेवटच्या डब्यात फिल्म ठेवून पावसाळ्यात ती ग्राहकाच्या घरी कशी वागेल, याचाही अंदाज घेता येतो. वहीत प्रत्येक बॅचसमोर तारीख, खोलीचं तापमान आणि हायग्रोमीटरचा आकडा लिहा. 'चालतंय की' म्हणून हा रकाना रिकामा सोडू नका.

जिलेटिन, कायटोसान, रेशीम

जिलेटिन ५ टक्के घ्या. आधी गार पाण्यात अर्धा तास फुगू द्या, मग ५० अंशाला विरघळवा, उकळू नका. ग्लिसरीन २५ टक्के. ओतल्यावर आधी डिश गार जागी ठेवून जेल घट्ट होऊ द्या आणि २०–२५ अंशालाच वाळवा. गार असताना जिलेटिनच्या साखळ्या पुन्हा एकमेकींभोवती पीळ घेतात, त्यातून ताकद येते. गरम ओव्हनमध्ये वाळवलेली फिल्म दिसायला तशीच, पण पिळाविना असते. कोल्हापूरच्या डिसेंबर-जानेवारीत हे काम झकास होतं. एप्रिलमध्ये वातानुकूलित खोली मिळत नसेल तर जिलेटिन हाती घेऊच नका.

ही फिल्म अंगाच्या उबेत आणि ओलाव्यात विरघळते, म्हणून जुन्या निबंधांत ती ग्लुटराल्डिहाइडनं बांधलेली दिसते. ते पेशींना विषारी आहे आणि थोडंसं उरलं तरी त्रास देतं. सायट्रिक किंवा टॅनिक आम्ल, किंवा पैसे असतील तर जेनिपिन (साखळ्या बांधणारा वनस्पतिजन्य पदार्थ), या वाटेनं जा.

कायटोसान १.५ टक्के, पाणी नव्हे तर १ टक्का ॲसेटिक आम्लात. रात्रभर ढवळा, न विरघळलेले कण दुहेरी मलमलीतून गाळा, मग ओता. वाळलेल्या फिल्ममध्ये आम्ल अडकलेलं असतं आणि ती तशीच त्वचेला लावली तर चुणचुणते. १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये, म्हणजे १०० मिलीत ४ ग्रॅम, अर्धा तास बुडवा. हातमोजे आणि चष्मा घालून. मग धुतलेल्या पाण्याचा पीएच ७ च्या जवळ येईपर्यंत धुवत राहा. कायटोसानवर धन भार असतो, तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर ऋण, म्हणून रक्तस्राव थांबवणाऱ्या पट्ट्यांत ते वापरतात. हाच भार एक सापळाही आहे. अल्जिनेट ऋण भाराचं असल्यानं दोन्ही द्रावणं एकत्र केली की लगेच दह्यागत फुटतात. 'दोन्हींचे गुण एकत्र' हवे असतील तर एका फिल्मवर दुसरीचा थर द्या.

रेशमाचा कोष म्हणजे ७०–८० टक्के फायब्रॉइन (धाग्याचं मूळ प्रथिन) आणि बाकी बहुतांश सेरिसिन नावाचा डिंक. कोष चिरून ०.०२ मोलर सोडियम कार्बोनेटच्या उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवले की डिंक सुटतो. धुऊन वाळवलेले धागे ९.३ मोलर लिथियम ब्रोमाइडमध्ये ६० अंशाला चार तास विरघळवायचे, मग तीन दिवस डायलिसिस, म्हणजे बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून पाण्यात ठेवून क्षार काढून टाकणं. लिथियम ब्रोमाइड महाग आहे. कॅल्शियम क्लोराइड, इथेनॉल आणि पाणी यांचं १:२:८ हे मोलर प्रमाणातलं मिश्रण बरंच स्वस्त पडतं आणि शिकायला पुरेसं आहे. फायब्रॉइनची फिल्म मिथेनॉल किंवा इथेनॉलमध्ये बुडवली की तिची रचना बदलते आणि ती पाण्यात विरघळेनाशी होते. सेरिसिन ओलावा चांगला धरतं आणि प्रसाधनात त्याला मागणी आहे. पण कोष उकळलेलं पाणी बाटलीत भरून 'सिल्क सीरम' म्हणून विकायचं नाही. त्यात सोडा असतो, पीएच चढलेला असतो.

हळद घालू का?

हा प्रश्न येणारच, शेजारी सांगली आहे. हळदीतला पिवळा घटक, कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवून द्रावणात घालावं लागतं, तरी कण दिसू शकतात, आणि उशीला-कपड्याला डाग पडतात ते वेगळंच. शिवाय हळद घातली म्हणून फिल्म औषध होत नाही. कर्क्युमिन किती बाहेर येतं, किती वेळात येतं, हे मोजलं तरच पुढं बोलण्यात अर्थ. त्याआधी साधी फिल्म चार वेळा एकसारखी करून दाखवा.

घरगुती वस्तूंना मी हसत नाही. मुंबईत डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी भाजलेल्या जखमांवर वापरली आणि १९८५ साली तो अनुभव वैद्यकीय नियतकालिकात मांडला. पण ते रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली, नोंदी ठेवून झालं होतं.

मोजमाप

जाडी पाच ठिकाणी मोजा, मध्यभागी आणि चार कडांना. फरक १० टक्क्यांच्या वर गेला तर ती फिल्म बाजूला.

फुगवटा: दोन बाय दोन सेंटीमीटरचा तुकडा वजन करून ३७ अंशाच्या, ७.४ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या क्षारांच्या द्रावणात) ठेवा. ठरावीक वेळानं काढून टिपकागदानं वरचं पाणी टिपा, पुन्हा वजन करा. वाढलेलं वजन भागिले मूळ वजन गुणिले शंभर. अल्जिनेटच्या बाबतीत साध्या पाण्यातला आकडा देऊ नका. बफरमधला सोडियम आणि फॉस्फेट कॅल्शियमच्या गाठी सोडवतात, त्यामुळं दोन आकड्यांत मोठा फरक पडतो.

बाफ किती जाते, हे काचेच्या बाटलीनं कळतं. बाटलीत थोडं पाणी, तोंडावर फिल्म घट्ट बसवलेली, २४ तासांनी वजन. तोंडाचा व्यास २ सेंटीमीटर असेल तर क्षेत्रफळ ०.०००३१४ चौरस मीटर. वजन ०.६ ग्रॅमनं घटलं तर दर चौरस मीटरला दिवसाला सुमारे १,९०० ग्रॅम. वर दिलेल्या पल्ल्याशी ताडून पाहा, आणि शेजारी खोलीची आर्द्रता लिहायला विसरू नका, कारण हा आकडा तिच्यावरच उभा आहे.

ताण-ताकदीसाठी यंत्र लागतं. इचलकरंजी तासाभराच्या अंतरावर आहे आणि कापडाचं गाव असल्यानं तिथल्या टेक्स्टाइल प्रयोगशाळांत धागा-कापड ताणून तोडायची यंत्रं असतात. पातळ प्लास्टिक फिल्मसाठीची एएसटीएम डी८८२ ही पद्धत सांगा, आणि नमुने हवाबंद डब्यात, त्याच मॅग्नेशियम नायट्रेटसोबत घेऊन जा.

माणसाच्या अंगाला लावण्याआधी

प्रयोगशाळेत केलेली फिल्म स्वच्छ असते, निर्जंतुक नसते. ऑटोक्लेव्हमध्ये जिलेटिन वितळतं. अतिनील दिवा फक्त वरच्या पृष्ठभागावरचे जंतू मारतो. गॅमा किरणांचा रूढ डोस २५ किलोग्रे आहे आणि ट्रॉम्बेचं आयसोमेड केंद्र १९७४ पासून वैद्यकीय वस्तूंसाठी हे काम करत आलं आहे. पण या डोसनं अल्जिनेट आणि कायटोसानच्या साखळ्या तुटतात. म्हणून सगळी मोजमापं निर्जंतुकीकरणानंतर पुन्हा करायची. आधीचे आकडे कागदावर छान दिसतात, उपयोगाचे नसतात.

पेशींवरची पहिली चाचणी आयएसओ १०९९३ या वैद्यकीय उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पाचव्या भागाप्रमाणं होते. फिल्मच्या अर्कात वाढवलेल्या पेशी ७० टक्क्यांपेक्षा कमी जगल्या तर फिल्म घातक धरतात. ही सोय असलेल्या विद्यापीठ विभागाशी किंवा महाविद्यालयाशी रीतसर बोलून घ्या. घरातल्या कुणाच्या भाजलेल्या हातावर, मधुमेही आजोबांच्या पायाच्या जखमेवर 'एकदा लावून बघू' हे कदापि नको. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला भारतात २०१४ पासून बंदी आहे. माणसांवरची पॅच टेस्ट त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, लेखी संमती घेऊनच.

विकायचं म्हटलं की दोन वेगळी दारं आहेत. जखमेची फिल्म वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ मध्ये येते. तिथं अ ते ड असे धोक्यानुसार चार वर्ग आहेत; पहिल्या दोन वर्गांच्या उत्पादनाचा परवाना राज्याकडून, वरच्या दोन वर्गांचा केंद्राकडून. उघड्या जखमेवरच्या फिल्ममध्ये प्राणिजन्य कोलॅजन किंवा जिलेटिन आलं की वर्ग वर सरकतो, म्हणून पदार्थ निवडतानाच हा विचार हवा. फेसमास्क किंवा डोळ्यांखालची पट्टी सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० खाली, आणि त्याचा उत्पादन परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून. वस्तू कोणत्या दारानं जाणार, हे पाकिटावरचा मजकूर ठरवतो. 'त्वचा मऊ ठेवते' हे प्रसाधन. 'मुरूम बरे करते', 'जखम भरते' असं लिहिलं की तुम्ही औषधाच्या कायद्यात पाऊल टाकलंत, मग फिल्ममध्ये अल्जिनेट आणि ग्लिसरीनशिवाय काही नसलं तरीही.

परवान्याची चौकशी करायला जाताना तीन कागद सोबत ठेवा: घटकांची टक्केवारीसह यादी, कच्च्या मालाची प्रमाणपत्रं आणि पाकिटावर छापायचा मजकूर. आणि प्रत्येक बॅचमधले निदान पाच तुकडे लेबल लावून डब्यात राखून ठेवा, एक, तीन आणि सहा महिन्यांनी काढून बघायला. त्या सहा महिन्यांत एक पूर्ण पावसाळा येईल, असं वेळापत्रक आखा.